वाड्याची दुरुस्ती गोठ्यापासून

सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर आणि साताऱ्याच्या पूर्वेकडचा कोरडा पट्टा, या भागांत ज्यांच्या वाट्याला शेतकरी घराण्याचा जुना दगडी वाडा आला आहे आणि तो राहता ठेवायची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा वाड्याच्या दुरुस्तीचा विषय घरात निघाला की पहिला निर्णय बहुधा ठरलेला असतो. परसातला पडका गोठा आधी साफ करायचा. त्याचे दगड विकायचे किंवा रस्त्याच्या भरावात घालायचे, मोकळ्या झालेल्या जागेत गाडी उभी करायची आणि जमवलेला पैसा दर्शनी दरवाजा, ओसरी, रंग आणि फरशी यांवर घालायचा. हा क्रम उलटा आहे. वाडा वाचवायचा असेल तर काम मागून पुढे यायला हवे, म्हणजे आधी गोठा, परस, न्हाणी आणि त्यांतून वाहणारी मोरी, मग माळवद म्हणजे मातीचे छत, आणि ओसरी सगळ्यांत शेवटी. यामागे जुन्या गोष्टींची हळहळ नाही. दगड, माती आणि पाणी यांचे साधे व्यवहार पाहिले की हाच क्रम निघतो.

दिंडी दरवाजा, त्याच्या दोन अंगांच्या देवड्या किंवा ढाळज, मग चौक, चौकाभोवती सोपा आणि ओसरी, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कडेला न्हाणी आणि त्यामागे परस: वाड्याची ही मांडणी आपण मानमरातबाची उतरंड म्हणून वाचतो. पाहुणा कुठवर येणार आणि घरातल्या बाया कुठे वावरणार, हे त्यातून ठरत होते, हे खरेच आहे. पण याच मांडणीत पाण्याची उतरंडही आहे. धान्य आणि देव उंच, कोरड्या बाजूला; जनावरे, न्हाणी, भांडी घासायची जागा आणि उकिरडा उताराच्या बाजूला. काही वाड्यांत गोठा परसात असतो, काहींत दरवाजातून आत येताच एका हाताला असतो, पण तो चौकाच्या वरच्या अंगाला क्वचितच सापडेल. गोठ्याची जमीन दगडांनी फरसलेली, गव्हाणीकडून मागे उतरती, आणि मागे गोमूत्र वाहून नेणारी उथळ नाली, ही रचना करणाऱ्याला केवळ जनावरांची सोय पाहायची नव्हती. गोमूत्र भिंतीत मुरले तर काय होते, हे त्याला ठाऊक होते.

काय होते ते समजण्यासाठी भिंत आतून कशी असते ते पाहावे लागेल. देशावरचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. हा दगड कठीण, जड आणि पाणी जवळजवळ न पिणारा आहे. वाड्याची दोन ते तीन फूट जाडीची भिंत मात्र एकसंध दगडाची नसते. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, आणि मध्ये दगडाचे तुकडे व माती यांची भर. बाहेरचा पदर घडीव, चिरेबंदी असला तरी आतला जीव मातीचाच असतो. ही माती पांढरी. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत आले आहेत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून ती बांधकामाला चालत नाही. पांढरी माती त्या मानाने फुगत नाही, दगडाला धरून बसते, म्हणून जुन्या पांढरीची आणि पडक्या गढ्यांची माती पिढ्यान् पिढ्या घरांसाठी खणली गेली. पण ज्या मातीवर शेकडो वर्षे माणसे आणि जनावरे राहिली, तिच्यात क्षारही भरपूर असतात. म्हणजे वाड्याची भिंत मुळातच थोडी खारट आहे, आणि ती कोरडी राहील तोवरच धड राहते.

जमिनीतली ओल या भिंतीत दगडातून चढत नाही. ती मधल्या मातीतून आणि सांध्यांतून चढते, आणि बाहेर पडायलाही तिला सांध्याशिवाय वाट नसते. पाणी सांध्यातून उडून गेले की त्यातला क्षार मागे राहतो आणि त्याचे स्फटिक मातीला आतून फोडतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. गोमूत्रातल्या युरियाचे जिवाणूंमुळे नायट्रेट होते, म्हणजे सोऱ्याच्या जातीचा क्षार. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा जुन्या वस्त्यांच्या आणि गोठ्यांच्या मातीतूनच काढला जात असे. तेव्हा गोठ्याची नाली तुंबली की सगळ्यांत वाईट प्रकारचे पाणी भिंतीच्या पायात शिरते. म्हणूनच सांधे सिमेंटने भरणे ही दगडी भिंतीची सगळ्यांत महागडी चूक आहे. भिंत बाहेरून घट्ट, नेटकी दिसते. आत चढलेल्या ओलीला मात्र वाट उरत नाही, आणि ती आणखी वर, नाहीतर घराच्या आतल्या अंगाने, माजघराच्या गिलाव्यातून फुटते. दोनचार पावसाळ्यांनी गिलावा पडला की घरातले म्हणतात, दगडच खराब होता. दगडाला काहीच झालेले नसते.

आता गोठा पडल्यावर काय होते ते पाहा. जनावरे कमी झाली किंवा गेली, छत शाकारायचे राहिले, तुळईचे तोंड भिंतीत कुजले आणि एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. तिची माती वाहून परसात पसरली, दगडांचा ढीग नालीवर आला, ढिगावर एरंड आणि काटेरी बाभूळ उगवली. परसाची पातळी अशी फूट दीड फूट वर येते. पुढच्या बाजूला गल्लीत एकावर एक काँक्रीटचे थर पडत गेलेले असतात, त्यामुळे रस्ताही जोत्याच्या वरच्या चिऱ्याशी येऊन भिडलेला असतो. दोन्ही अंगांनी जमीन वर आली आणि मध्ये वाडा बशीत बसल्यासारखा राहिला. चौकात पडणारे पाणी पूर्वी न्हाणीच्या बाजूने परसातून बाहेर जात होते, ते आता मागच्या ढिगाला अडून स्वयंपाकघराच्या पायात जिरते. ओसरीची भिंत ओली होण्याचे कारण त्या भिंतीपासून चाळीस फुटांवर पडलेल्या गोठ्यात असू शकते, असे सांगितले तर पटत नाही, पण पातळ्या मोजल्या की पटते.

म्हणून पहिले काम मोजमापाचे. गवंडी पातळी काढायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती आणि एक मदतनीस एवढ्यावर हे काम अर्ध्या दिवसात होते. दरवाजाचा उंबरा शून्य धरा. त्याच्याशी गल्ली, चौकाचे चारही कोपरे, न्हाणीचे तोंड, गोठ्याची फरसबंदी, परसाचा शेवट आणि त्यापलीकडची नाली यांची उंची ताडून कागदावर लिहा. गोठ्याची मूळ फरसबंदी ढिगाखाली असेल तर एका कोपऱ्यात खड्डा घेऊन ती शोधा, कारण वाडा बांधणाऱ्याने पाणी कोणत्या पातळीवर बाहेर काढायचे ठरवले होते, त्याचा पुरावा तीच आहे. भिंतींना ओळंबा लावून पाहा. जिथे बाहेरच्या पदराने पोट सोडले आहे तिथे आतल्या भरीत पाणी शिरत आले आहे. लोणा किती उंचीपर्यंत आला आहे, तिथे भिंतीवर गेरूची रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. मग मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन वाड्याभोवती फिरा. पन्हाळीचे पाणी कुठे पडते, पागोळ्या जोत्यापासून किती अंतरावर खड्डा करतात, परसात तळे कुठे साचते, हे त्या अर्ध्या तासात कळते. वर्षभर थांबून ही एक गोष्ट पाहून घेतली तरी पुढचा बराच खर्च वाचेल.

परस मोकळे करताना घाई नको आणि जेसीबी तर मुळीच नको. ढीग म्हणजे कचरा नाही, तो तुमचा माल आहे. घडीव चिरे, कोपऱ्याचे लांब दगड, गव्हाणीचे दगड, तळखडे आणि साधे डबर असे वेगवेगळे रचून ठेवा. तळखडा म्हणजे लाकडी खांबाखालचा दगड. तो जितका सापडेल तितका जपावा. पांढरी माती चाळून झाकून ठेवली तर पुन्हा वापरता येते. फक्त गोठ्याच्या तळाची, गोमूत्राने भिजलेली माती भिंतीला वापरू नका, ती शेतात टाका, पिकाला ती सोन्यासारखी आहे. यंत्र नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे: पेव. धान्य साठवायची ही भूमिगत खोली परसात, चौकात, कधी गल्लीच्या कडेलाही असते, आणि तोंड बुजवल्यावर दोन पिढ्यांत तिची जागा विसरली जाते. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच निकामी झाली. ज्वारीची पेवे मात्र अनेक साध्या शेतकऱ्यांच्या घरीही होती. पहारीने जमीन ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहावे आणि संशयाच्या जागी वजन आणू नये. पेव सापडले तर आत उतरू नका. बंद पेवात प्राणवायू संपलेला आणि कर्बवायू साचलेला असतो, आणि एक माणूस आत पडला की त्याला काढायला उतरणारा दुसराही पडतो. दिवा सोडून पाहायची जुनी रीत आहे, पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली असे समजू नये. तोंड कित्येक दिवस उघडे ठेवून पंख्याने हवा खेळवल्याशिवाय आणि कमरेला दोर व वर माणसे असल्याशिवाय कोणी खाली जाता कामा नये.

गोठा उभा करायचा, पण आता जनावरेच नाहीत, मग त्याचे करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते वाड्याला आज गोठ्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. वाडा बांधला तेव्हा घरात येणारे पाणी डोक्यावरून येत होते. रांजण, घागरी आणि न्हाणीतले हंडाभर पाणी, एवढ्यावर दिवस निघे, आणि वापरलेले पाणी परसातल्या अळूला आणि केळीला जाई. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. सहा माणसांच्या घरात रोज ३३० लिटर पाणी येते आणि जवळजवळ तेवढेच सांडपाणी म्हणून बाहेर पडावे लागते. हे पाणी सांभाळायला मातीत बांधलेले माजघर केलेलेच नाही. तरीही सोयीसाठी आपण माजघराचा कोपरा अडवून संडास-बाथरूम काढतो, दोन-तीन फुटी भिंतीत नळ पुरतो, आणि एका सांध्यातून थेंब थेंब गळायला लागले तरी ते वर्षभर कळत नाही, कारण जाड भिंत ते मुकाट्याने पीत राहते. संडास, न्हाणीघर, कपडे धुण्याची जागा आणि शक्य असेल तर रोजचे स्वयंपाकघरही दुरुस्त केलेल्या गोठ्यात न्या. ती बाजू आधीच उताराची आहे, तिची जमीन ओलीसाठीच बांधलेली आहे, आणि तिथे सिमेंट वापरावे लागले तरी मुख्य वाड्याला त्याची झळ लागत नाही. नळ भिंतीच्या बाहेरून, डोळ्यांना दिसतील असे न्यावेत. शोषखड्डा वाड्याच्या भिंतीपासून निदान १५ फूट लांब असावा. खाली काळी जमीन लागली तर शोषखड्ड्यावर विसंबूच नये, कारण ती पाणी खाली जिरू देत नाही, फुगून पाया उचलते आणि उन्हाळ्यात आकसून तो सोडते. तिथे सांडपाणी बंद नळाने परसबागेत किंवा गावच्या नालीत नेणे भाग आहे. रात्रीच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना चौक ओलांडून जावे लागते, ही अडचण खोटी नाही. त्यावर ओसरीपासून गोठ्यापर्यंत पत्र्याची हलकी झाकलेली वाट आणि उजेड, एवढाच उपाय आहे, आणि भिंत बदलण्याच्या मानाने तो फार स्वस्त आहे.

गोठ्यापासून सुरुवात करण्याचे दुसरे कारण कारागिरीचे आहे. दगड-मातीची भिंत बांधणारा, सांध्यात चुना भरणारा, माळवद घालणारा माणूस आज सहज मिळत नाही. मिळाला तरी त्याला तुमच्या गावच्या मातीची सवय नसते, आणि तुम्हाला तर काम ओळखताही येत नाही. ही सगळी शिकवणी ओसरीच्या कोरीव खांबांवर करायची की गोठ्याच्या ठेंगण्या भिंतीवर? गोठ्यात चूक झाली तर भिंत उतरवून पुन्हा चढवता येते. मातीत किती भुसा घालायचा, ती किती दिवस भिजवून मळायची, वाळल्यावर भेगा पडतात का, हे हातभर चौकोनी नमुने करून उन्हात ठेवले की कळते. चुन्याचेही तसेच. कळीचा चुना पाण्यात विरवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेत, आणि मुलांना त्या जागी फिरकू देऊ नये. विरवलेला चुना पाण्याखाली जितका जास्त मुरेल तितका चांगला. त्यात वाळू किंवा विटेची पूड मिसळून चुन्याच्या घाणीत मळतात. बेलफळाचा गर किंवा गुळाचे पाणी घालायची रीत आहे, पण प्रमाण अनुभवी माणसाकडून शिकावे. जास्त गूळ मुंग्यांच्या उपयोगी पडतो, भिंतीच्या नाही. सांधे भरताना जुनी सैल माती बोटभर खोल खरवडून, दगड ओले करून मग चुना दाबावा. कडक उन्हात चुना कोरडा पडतो आणि भुरभुरतो, म्हणून चुन्याचे काम दिवाळी ते होळी आणि मातीचे काम होळी ते रोहिणी, असे वर्षाचे भाग पाडावेत. गोठ्याचे एक काम पुरे होईस्तोवर तुमच्याजवळ एक गवंडी, एक सुतार आणि त्यांचे काम पारखणारी तुमची स्वतःची नजर तयार झालेली असते.

माळवदाकडे त्यानंतर वळावे. तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा चिलप्या, मग लिंबाचा नाहीतर तरवडाचा पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, असे हे छत. उन्हाळ्यात ते घर गार ठेवते, आणि सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, येणारा उजेड माजघराला पुरतो. पण दर पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, ही सवय या छताला भोवली. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे दीडशे घनफूट, वजनाने जवळपास सात टन, आणि भिजली की आणखी जास्त. साठ-सत्तर वर्षांत थर दोन-अडीच फुटांचा झालेला असतो आणि तुळया मात्र पणजोबांनी एक फुटाच्या हिशेबाने घातलेल्या असतात. गळतीवर आणखी माती हा उपाय राहिलेला नाही. माती दोन्ही बाजूंनी सारखी, थराथराने उतरवावी, एका अंगाला ढीग करू नये, खाली तुळयांना टेकू द्यावेत आणि खोलीत कोणी असू नये. फूटभराच्या आत थर ठेवून, त्यावर उतार काढून, पन्हाळी जोत्याच्या पुढे दोन हात पाणी टाकतील अशा लांबवाव्यात. ज्यांना दरवर्षी माती घालणे जमणार नाही त्यांनी थर आणखी कमी करून वर पत्रा घालायला हरकत नाही. काहींना पत्रा डोळ्यांत खुपेल, पण तो हलका आहे, काढता येतो आणि तुळया कोरड्या ठेवतो. मात्र तो लाकडी सांगाड्याला बांधा, नुसते दगड ठेवून दाबू नका. वावटळीत पत्र्याइतकेच ते दगडही घातक ठरतात.

आता सगळ्यांत मोठा आक्षेप, ज्याला उत्तर दिल्याशिवाय दगड-मातीचे घर राखा असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात अधिकृत नोंदीप्रमाणेच साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली फार मोठी संख्या अशाच जाड भिंती आणि जड माळवदे यांच्याखाली दबली. त्यानंतर त्या भागातल्या लोकांनी दगडी घराकडे पाठ फिरवली, यात नवल नाही. त्या भीतीला जुनाट समज म्हणून बाजूला सारणे क्रूरपणाचे होईल. पण घरे का पडली, याचा अभ्यास झालेला आहे आणि त्यातून जे निघाले ते आपल्या हाती आहे. भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते, म्हणून हादऱ्यात आतला पदर आत आणि बाहेरचा बाहेर गळून पडला. दगड गोलसर आणि अनघड होते, माती भिजून भुसभुशीत झालेली होती, आणि वर कित्येक टन ओझे होते. जिथे छताचा भार खणाखणाने लाकडी खांबांवर होता आणि खांब-तुळयांचे सांधे धड होते, तिथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर सगळेच आले.

याचा अर्थ आपल्या वाड्यासाठी असा. प्रथम पाहा, छत खांबांवर आहे की भिंतीवर. खांबांवर असेल तर तळखडे, खांबांचे बूड आणि तुळयांची भिंतीत गेलेली तोंडे टोच्याने तपासा. लाकडात टोचा बोटभर सहज शिरत असेल तर ते बदलायला हवे. खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरके लाकडी किंवा लोखंडी टेकू दिले तर सांगाडा आडव्या हादऱ्याला उभा राहतो. दगडी भिंतींसाठी भारतीय मानक १३८२८ (१९९३) सांगते की भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारे आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरवर असावेत. गोठ्याची भिंत नव्याने चढवताना हा नियम तंतोतंत पाळता येतो, आणि ढिगातून बाजूला काढलेले लांब दगड इथेच कामी येतात. जुन्या उभ्या भिंतीत मात्र आरपार पोकळी काढून, वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे लागते. ते एका वेळी एकाच जागी, आणि दगडी बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे. छतावरची माती कमी करणे आणि भिंत कोरडी ठेवणे हे भूकंपाचेही उपाय आहेत, हे लक्षात ठेवावे. अडीच फूट जाड, पोट सुटलेली, खांब नसलेली भिंत मात्र तशीच राखण्याचा हट्ट धरू नये. अभियंत्याने ती उतरवायला सांगितली तर उतरवावी, तेच दगड घेऊन कमी जाडीची, आरपार दगडांची भिंत चढवावी. माणसापेक्षा वाडा मोठा नाही.

मग सरळ सगळे पाडून स्लॅबचे घर का बांधू नये? चार-पाच इंचाचा काँक्रीट स्लॅब दोन फूट मातीपेक्षा नक्कीच हलका आहे, हे मान्य केले पाहिजे. पण पैसे वाचवायला बहुतेक ठिकाणी होते ते असे की जुन्या मातीच्या भिंती तशाच ठेवून त्यांवर स्लॅब टाकतात. खांब काढले जातात, भार भिंतीवर येतो, आणि किल्लारीत जे सगळ्यांत धोक्याचे ठरले नेमके तेच आपण नव्याने उभे करतो. पाया ते छत सगळेच नवे, काँक्रीटच्या खांबांचे घर बांधणे हा प्रामाणिक पर्याय आहे. ज्याला तो परवडतो आणि हवा आहे त्याला अडवण्याचे कारण नाही. ज्याला वाडाही हवा आणि आधुनिक सोयीही हव्यात, त्याने नवे बांधकाम गोठ्याच्या जागी, वाड्यापासून सुटे करावे आणि वाड्याच्या अंगावर काही चढवू नये. खर्चाच्या बाजूनेही मागून पुढे येणे सोयीचे आहे. एका वर्षी परस आणि मोरी, दुसऱ्या वर्षी गोठा, तिसऱ्या वर्षी माळवद, असे हप्त्याने काम होते, आणि मध्येच पैसा संपला तरी झालेले काम वाया जात नाही. ओसरीपासून सुरुवात केली आणि पैसा संपला, तर मागून चढणारी ओल नवा गिलावा दोन पावसाळ्यांत पाडून टाकते.

भाऊबंदांत वाटणी झालेल्या वाड्यांची गोष्ट मात्र थोडी अवघड आहे. वाटणी खणांच्या हिशेबाने होते. एकाला पुढचा सोपा, दुसऱ्याला माजघर, तिसऱ्याला परस आणि गोठा. पाण्याला ही वाटणी कळत नाही. ज्याच्या वाट्याला गोठा आला तो शहरात, आणि त्याचा ढीग भावाच्या स्वयंपाकघराचा पाया भिजवतो. वाटणीपत्र करायचे असेल किंवा झालेल्या वाटणीची फेरनोंद होत असेल तर चौकातले पाणी परसातून नेण्याचा हक्क, मोरी साफ ठेवण्याची जबाबदारी आणि त्यासाठी मागे जाण्याची वाट, या तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्या. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. मोजणीच्या वेळी पडक्या गोठ्याची आणि परसाची हद्द आपल्या नकाशात नीट आली आहे का, हे हजर राहून पाहावे. छप्पर नसलेली जागा रिकामी म्हणून दाखवली गेली तर पुढे वाद वाढतात.

परस, मोरी आणि गोठा यांचे काम चालू असताना मुख्य वाड्यात काही न करणेच उत्तम, आणि ते सोपे नाही, कारण घरी लग्नकार्य असले की रंग आणि फरशीचा आग्रह होतो. तेलरंग आणि प्लॅस्टिक रंग भिंतीला लावू नका, चुन्याची सफेदी पुरे. सारवलेल्या जमिनीवर सिमेंटच्या सांध्यांची फरशी बसवली की जमिनीतून उडून जाणारी ओल कडेला सरकते आणि भिंतीत चढते. शिवाय जमीन दोन-तीन इंच वर येऊन तळखडा बुजतो, आणि शंभर वर्षे दगडावर कोरडे उभे राहिलेले सागवानी बूड ओल्या चुऱ्यात बसते. खांब कुजण्याचे एवढे साधे कारण पुष्कळ घरांत सापडेल. फरशी बसलीच असेल तर निदान प्रत्येक तळखड्याभोवती वीतभर जागा उकरून मोकळी करा. गोठा आणि मोरी पुरी झाल्यावर पहिला पावसाळा जाऊ द्या, मग दिवाळीनंतर गेरूची ती रेघ पुन्हा पाहा. लोणा रेघेच्या खाली आला असेल तर भिंत सुकू लागली आहे. सांध्यांतले सिमेंट छिन्नीने हळूच काढून चुना भरायला घ्या. रेघ ओलांडून वर गेला असेल तर पाणी अजून कुठूनतरी येते आहे, आणि ओसरीला हात न लावता पुन्हा परसात जाऊन ते शोधायला हवे.